कोकोसच्या लगूनमधे अकरा दिवस

सोलापूर, निघण्याआधी

नकाशात सुमात्राच्या खाली, हिंदी महासागराच्या भर मधे चार-दोन ठिपके दिसतात, ती कोकोस कीलिंग बेटं. १२ अंश दक्षिण, ९७ अंश पूर्वेच्या जरा अलीकडे. राज्य ऑस्ट्रेलियाचं. एकूण २७ बेटं, त्यातल्या दोनांवरच वस्ती आणि ती सगळी मिळून सहाशेच्या आसपास. शिडाच्या बोटी थांबतात त्या डिरेक्शन बेटाच्या आडोशाला. तिथं माणूस राहत नाही, दुकान नाही, नळ नाही.

नळ नाही याचं आम्हा सोलापूरकरांना फार काही वाटत नाही. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी पिंपात, हंड्यात, कळशीत भरायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं, हे घरातल्या पोरासोरांनाही येतं. ३८ फुटी शिडाच्या बोटीवर आम्हा चौघांनी महिनोन् महिने राहायचं तर याच्याइतकं उपयोगी शिक्षण दुसरं नाही. नांगर आणि शीड नंतर शिकता येतं.

शिधा भरताना सोलापूरची दुसरी मदत म्हणजे कडक भाकरी. ज्वारीचं पीठ बोटीवर टिकत नाही. दमट हवेत महिनाभरात त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. उकड काढून वेळ मारून नेता येते, पण त्यात गॅस आणि पाणी दोन्ही जास्त जातं. कडक भाकरी मंगळवेढ्याच्या मालदांडीची, पातळ थापून, भाजून, मंद आचेवर पापडासारखी वाळवलेली घ्यायची. एका वेळेला माणशी दोन, चौघांच्या आठ, ४५ दिवसांच्या ३६०. वजन साधारण १६ किलो भरतं. दहा-दहाची चळत दुहेरी प्लास्टिकमधे बांधून झाकणाच्या पिंपात ठेवायची, आणि पिंप बोटीच्या मधल्या भागात, जिथं डोलणं सगळ्यात कमी. उघडलेलं पाकीट दोन दिवसांत संपवावं, नाहीतर भाकरी सादळते आणि चामड्यासारखी चिवट होते. सादळलेली भाकरी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर ठेवली की परत कुरकुरीत.

शेंगाचटणी दोन किलो, पण चार डब्यांत. एकाच डब्यात सारखा चमचा घातला की वरचा थर आधी खवट होतो. काळा मसाला, मेतकूट, हुलग्याचं पीठ, तूरडाळ, गूळ. गूळ पाघळतो म्हणून स्टीलच्या डब्यात. मटकी मोड आणायला, पण तिचं गाऱ्हाणं पुढं येईलच.

व्हिसा मात्र सोलापुरात बसूनच काढावा लागतो. भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा आधी हातात हवा. बेटावर पोचून मागता येत नाही.

दिवस १

ख्रिसमस बेटापासून कोकोस सुमारे ५३० सागरी मैल. आग्नेय व्यापारी वारा पाठीशी, सरासरी साडेपाच नॉट (तासाला साडेपाच सागरी मैल), म्हणजे चार दिवस. पोचण्याची वेळ मात्र आपल्या हातात ठेवावी लागते. बेटांची जमीन समुद्रावर जेमतेम पाच मीटर, त्यामुळे आधी दिसतात ते माडांचे शेंडे, आणि तेही दहा-बारा मैलांवर आल्यावर. रात्री आत शिरायचा विचारही करू नये. आम्ही पहाटे वीस मैलांवर शिडं आखडून बोट संथ केली आणि उजाडल्यावर निघालो.

लगून म्हणजे बेटांनी आणि प्रवाळपट्टीनं वेढलेलं उथळ पाणी. त्याचं तोंड उत्तरेला, डिरेक्शन आणि हॉर्सबर्ग या दोन बेटांच्या मधे. आत आल्यावर डावीकडे म्हणजे पूर्वेला वळायचं असतं. सकाळी या वळणावर ऊन सरळ डोळ्यांत येतं आणि पाण्याखालचा प्रवाळ दिसत नाही. दुपारी दीड ते साडेतीन ही वेळ बरोबर, कारण सूर्य पाठीमागे असतो. एक जण नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर उभा, डोळ्याला पोलराइज्ड चष्मा. गडद निळं म्हणजे खोल. फिरोजी म्हणजे तीन-चार मीटरवर वाळू. दुधाळ पांढरं म्हणजे बोटीचा तळाचा कणा टेकेल. तपकिरी किंवा पिवळट डाग म्हणजे प्रवाळाचं डोकं, त्याला वळसा. ढग आला की सगळे रंग एकसारखे होतात. तेव्हा इंजिन न्यूट्रल करून ढग सरायची वाट पाहायची. प्लॉटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकाशावर विसंबून पुढं जाणारे इथं फसतात.

पोचण्याची आगाऊ सूचना किमान १२ तास आधी गेलेली असावी लागते. आत आल्यावर पिवळा झेंडा चढवायचा, व्हीएचएफ रेडिओवर पोलिसांना कळवायचं आणि बोटीवरच बसून राहायचं. अधिकारी येऊन तपासून जाईपर्यंत पोरांनी पाण्यात उडीही मारायची नाही.

तपासणीत भर असतो तो खाण्यापिण्याच्या जिन्नसांवर. ताजी फळं, भाज्या, मध, बी-बियाणं, सगळं यादीत लिहून द्यायचं. लपवलं तर दंड. लिहून दिलं तर फार तर जप्ती. म्हणून शेवटच्या दोन दिवसांत उरलेले टोमॅटो, लिंबं, मोड आलेली मटकी खाऊन संपवलेली बरी. मटकीचं गाऱ्हाणं हेच: कोरडी मटकी आपल्यासाठी कडधान्य, त्यांच्यासाठी पेरता येईल असं बी. वेगळ्या डब्यात, नाव लिहून, सगळ्यात वर ठेवायची. कडक भाकरीकडे अधिकाऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. भाजलेला पदार्थ म्हटल्यावर प्रश्न मिटला.

टाक्यांत आलेलं पाणी: २९० लिटर. दोन टाक्या मिळून क्षमता ३८०, शिवाय २० लिटरचे सहा कॅन, त्यांना हात लावायचा नाही.

दिवस २

नांगर आज पुन्हा टाकला. काल संध्याकाळी घाईत टाकलेला नांगर वाळूत बसला होता, पण मास्क लावून पाहिलं तर साखळी एका प्रवाळाच्या डोक्याला घासत होती.

हे का वाईट, ते नीट समजून घ्यावं. एक तर प्रवाळ मोडतो, आणि वीतभर प्रवाळ वाढायला वर्षं लागतात. दुसरं, वारा पडला की बोट गोल फिरते आणि साखळीचा वेढा डोक्याभोवती पडतो. वारा परत आला की बोट मागं जाऊ पाहते, पण मोकळी साखळी उरलेली नसते. ३० मीटरऐवजी पाच-सहा मीटरवर सगळा हिसका येतो. नाळेवरचा रोलर वाकतो, विंचचे दात तुटतात. रात्री बोटीच्या अंगातून कर्रकर्र आवाज आला तर समजायचं की वेढा पडलाय.

उपाय म्हणजे साखळी तरंगती ठेवणं. इथं खोली चार मीटर, त्यात नाळेची उंची सव्वा मीटर धरायची, म्हणजे सव्वापाच. त्याच्या सहापट साखळी, साधारण ३० मीटर. नांगर निव्वळ वाळूच्या पट्ट्यात उतरवायचा आणि बोट हळूहळू मागं घेत ३० मीटर सोडायची. मग इंजिन मागच्या गिअरमधे १८०० फेऱ्यांवर मिनिटभर ठेवायचं. किनाऱ्यावरची दोन माडं एका रेषेत धरून पाहायचं. रेष हलली नाही तर नांगर बसला. त्यानंतर २० मीटर साखळी परत आत घ्यायची आणि बाहेर सोडताना दर सहा मीटरला एक फेंडर, म्हणजे हवा भरलेला फुगा, अडकवायचा. पहिला नांगरापासून १० मीटरवर, दुसरा १६ वर, तिसरा २२ वर.

१० मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. सहा मीटरचा तुकडा पाण्यात साधारण १२ किलो भरतो, म्हणून फेंडर १२ ते १५ लिटरचा हवा. लहान लावला तर बुडून प्रवाळावर बसतो. पहिला फेंडर मात्र नांगराच्या फार जवळ आणायचा नाही. साखळीचा ओढा आडवा न राहता वर जातो आणि नांगर उपटून निघतो. ही चूक बहुतेक जण एकदा करतातच.

शेवटी १४ मिलिमीटरची आठ मीटर नायलॉन दोरी साखळीला हुकानं अडकवून नाळेच्या खुंटाला बांधायची आणि साखळी ढिली सोडायची. हिसका दोरीनं खायचा, विंचनं नाही. दोरी जिथं नाळेला घासते तिथं जुन्या पाइपचा तुकडा. त्यासाठी सोलापुरी टॉवेलचा तुकडाही गुंडाळून पाहिला होता, तो चार दिवसांत चिंध्या झाला.

सगळं होईपर्यंत दुपारचे दोन. नांगर मास्क लावून रोज सकाळी एकदा बघायचा, वारा असो नसो.

दिवस ३

होम आयलंड, डिंगीनं, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीनं. अंतर दोन मैलांच्या आत, पण जाताना वारा आणि लाट तोंडावर. जातानाच सगळे नखशिखान्त भिजतात, येताना कोरडे. म्हणून कागदपत्रं, पैसे, फोन बंद तोंडाच्या पिशवीत आणि अंगावर घालायचे कपडे दुसऱ्या पिशवीत. ही वस्ती कोकोस मलय मुसलमानांची. उघड्या अंगानं, पोहायच्या कपड्यात गावात फिरणं शोभत नाही. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी कामं निघत नाहीत, तेव्हा त्या दिवशी जाऊच नये.

डिंगीत काय हवं: वल्ही, छोटा नांगर आणि १५ मीटर दोरी, हातातला व्हीएचएफ, दोन लिटर पाणी, प्रॉपेलरची सुटी पिन आणि पकड. लगून इतका उथळ की ओहोटीला प्रॉपेलर वाळूत किंवा प्रवाळात आपटतोच, आणि पिन तुटते ती इंजिन वाचावं म्हणूनच. पिन नसेल तर व्यापारी वारा डिंगीला लगूनच्या पश्चिम टोकाला नेऊन सोडतो. टू-स्ट्रोक इंजिनाला पाच लिटर पेट्रोलमागे १०० मिलिलिटर ऑइल. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री दव धरतं, ते पाणी कार्ब्युरेटरच्या जेटमधे अडकतं आणि इंजिन नेमकं मधल्या पाण्यात खोकायला लागतं. टाकी भरून ठेवली की हे होत नाही.

होम आयलंडचा इतिहास दीड पानात सांगण्यासारखा नाही. जॉन क्ल्यूनिस-रॉस हा स्कॉटिश माणूस १८२७ साली कुटुंबासह इथं वसायला आला, आणि त्याच्या वंशजांनी दीडशे वर्षं ही बेटं खासगी जहागिरीसारखी चालवली. खोबऱ्याचा धंदा, मजुरीला स्वतःचीच नाणी, आणि ती चालणार मालकाच्याच दुकानात. १९८४ साली मतदान होऊन लोकांनी ऑस्ट्रेलियात सामील व्हायचं ठरवलं. गावातल्या म्हाताऱ्यांना यातलं बरंच डोळ्यांनी पाहिलेलं आठवतं.

दिवस ४ आणि ५

वारा २५ नॉट, सरींवर सरी. बोटीवरून कोणी उतरलं नाही.

कोकोसला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापूरपेक्षा कितीतरी जास्त. पण तो सरींनी येतो, वीस मिनिटांत गायब होतो. पकडायची तयारी आधीच नसेल तर हात धुवायलाही मिळत नाही.

आमचं छत पांढऱ्या पीव्हीसी कापडाचं, तीन बाय चार मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. हिशेब सोपा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. निळी ताडपत्री वापरू नये. उन्हानं तिचे पापुद्रे सुटतात आणि पाण्याला प्लास्टिकची चव येते. छताची एक कड वीतभर खाली ओढून मधोमध कापडी नरसाळं शिवलेलं, त्याला एक इंची नळी, नळीच्या तोंडाला पातळ सुती फडकं. चारही कोपऱ्यांना रबरी ताण हवा, नाहीतर वाऱ्याच्या झोतात छत फडफडून जमलेलं पाणी समुद्रात फेकून देतं.

पहिले दोन-तीन मिलिमीटर सोडून द्यायचे. छतावर मीठ बसलेलं असतं. पाण्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावायचं, खारट लागायचं थांबलं की नळी टाकीच्या तोंडात. पाऊस मोजायला सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा डेकवर ठेवला होता. चौथ्या दिवशी दुपारच्या सरीत त्यात १४ मिलिमीटर जमलं. पहिले तीन वजा, उरले ११, गुणिले १२, म्हणजे १३२ लिटर. हातात आले १०५. बाकीचे वाऱ्यानं नेले.

दोन टाक्यांमधली तोटी कायम बंद. नवीन पाणी आधी एकाच टाकीत घ्यायचं, चार-पाच दिवस वापरून पाहायचं, मगच दुसरीत. दोन्ही टाक्या जोडलेल्या असतील तर एक नासली की दोन्ही नासतात. पिण्याचं पाणी फिल्टरमधून, धुण्याचं तसंच.

रोजचा खर्च माणशी दहा लिटर: पिणं आणि स्वयंपाक साडेतीन, भांडी दीड, आंघोळ चार, बाकी किरकोळ. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. आंघोळही तशीच, समुद्रात बुडी, साबण, परत बुडी आणि वरून चार लिटर. टॉवेल आणि चादरी मात्र नुसत्या खाऱ्या पाण्यात धुऊ नयेत. सुताच्या धाग्यात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि सोलापुरी चादर उन्हात दिवसभर टांगली तरी संध्याकाळी ओलसर लागते. शेवटच्या पिळ्याला दोन लिटर गोडं पाणी खर्चावंच लागतं.

इथली घड्याळं भारताच्या फक्त एक तास पुढं. संध्याकाळी सोलापूरला फोन लागला की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, "आलं का पाणी?"

दिवस ६

डिरेक्शन बेटाच्या आग्नेय टोकाला रिप नावाची चिंचोळी वाट आहे. कोकोसला येणाऱ्यांपैकी निम्मे तिच्यासाठीच येतात म्हटलं तरी चालेल. बाहेरच्या प्रवाळपट्टीवर लाटा फुटतात, फुटलेलं पाणी पट्टीवरून आत ढकललं जातं आणि या घळीतून लगूनमधे वाहतं. म्हणून ओढ समुद्राकडून लगूनकडे. बाहेर लाट मोठी असेल त्या दिवशी ओढही मोठी. आदल्या दोन दिवसांचा वारा निवेपर्यंत थांबलो ते यासाठीच.

पद्धत अशी. डिंगी लगूनच्या बाजूला, घळ संपते तिथं ठेवायची आणि एक मोठा माणूस तिच्यात. बाकीच्यांनी बेटावरून पुळणीनं चालत वरच्या टोकाला जायचं. पायात बूट, कारण प्रवाळ कापतो. पाण्यात उतरून फिन्स चढवायचे आणि बेटाच्या कडेनं वाहत यायचं, मधोमध नाही. घळीत दोर आणि तरंग बांधलेले आहेत, त्यांना धरून थांबता येतं. उलटं पोहायचा प्रयत्न फुकट, पोरं पाच मिनिटांत दमतात. वाहत खाली यायचं, कडेला लागायचं, चालत परत वर.

खाली काय दिसतं? घळीच्या भिंतींना लागून पोपट माशांचे थवे, प्रवाळ कुरतडताना होणारा कटकट आवाज पाण्यातही स्पष्ट ऐकू येतो. काळ्या टोकाच्या पंखांच्या मुशी (शार्क) पुळणीजवळ गुडघाभर पाण्यातही फिरतात. त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत, मात्र मासा भाल्यानं मारलेला असेल तर रक्ताला येतात. खडकाळ प्रवाळातले मोठे मासे खाण्याच्या बाबतीत सगळ्याच उष्ण समुद्रांत जपावं लागतं. सिग्वाटेरा नावाचं विष त्यांच्यात साठतं, ते शिजवून जात नाही, वासाला आणि चवीला कळत नाही. खायचाच तर खुल्या समुद्रात गळाला लागलेला.

प्रवाळाचं खरचटणं क्षुल्लक दिसतं. जखमेत बारीक कण राहतात आणि तिसऱ्या दिवशी पू धरतो. लगेच गोडं पाणी आणि मऊ ब्रशनं घासून कण काढायचे, मग बीटाडीन, आणि जखम भरेपर्यंत समुद्रात उतरायचं नाही. पोरांना यातलं शेवटचंच सांगणं सगळ्यात कठीण.

दिवस ७

बेटावर. माडाखाली झोळी बांधू नये, नारळ पडतात. निवाऱ्याच्या छपराचं पाणी टाकीत साठतं, कपड्यांना उत्तम, प्यायचं तर उकळून. येऊन गेलेल्या बोटींनी नावं कोरलेल्या फळ्या झाडांना आणि निवाऱ्याला टांगलेल्या आहेत.

बेटाच्या या तुकड्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्राखालच्या तारायंत्राचं ठाणं होतं, हिंदी महासागरापलीकडची तार इथून जायची. ९ नोव्हेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौका एमडन लगूनच्या तोंडाशी आली आणि पन्नासेक खलाशी ठाणं मोडायला उतरले. तारवाल्यांनी त्याआधीच अनोळखी जहाज आल्याचा संदेश पाठवला होता. बिनतारी खांब टेनिस कोर्टावर पाडू नका, एवढी विनंती त्यांनी जर्मनांना केली आणि ती मान्यही झाली. दोन-अडीच तासांच्या वाटेवर असलेलं ऑस्ट्रेलियाचं सिडनी जहाज संदेश ऐकून धावलं. एमडन गोळ्यांनी फुटून नॉर्थ कीलिंग बेटावर चढली. किनाऱ्यावर अडकलेल्या खलाशांनी लगूनमधली आयेशा ही जुनी शिडाची बोट घेतली आणि सुमात्राच्या पाडांग बंदराकडे निसटले. वाटेत पिण्याच्या पाण्याची ओढ लागली तेव्हा त्यांनीही शिडाच्या कापडात पाऊस धरला.

याच एमडननं दीड महिना आधी, २२ सप्टेंबरला, मद्रासच्या तेलटाक्यांवर तोफा डागल्या होत्या. तमिळमधे आजही बिलंदर माणसाला एमडन म्हणतात. चार्ल्स डार्विनही १८३६ च्या एप्रिलमधे बीगल जहाजातून या लगूनमधे येऊन गेला. कंकणाकृती प्रवाळबेटं खचणाऱ्या ज्वालामुखीभोवती वाढत जातात, हा त्याचा विचार इथल्या पाहणीनं पक्का झाला.

दिवस ८

पाणी करायचं यंत्र बंद पडलं. समुद्राचं पाणी ५५ बारच्या आसपास दाबानं पडद्यातून ढकलून गोडं करणारं हे यंत्र, आमचं १२ व्होल्टवर दहा अँपिअर घेतं आणि तासाला २८ लिटर देतं. आज पंपाचा आवाज चढा आणि धार करंगळीएवढी.

शोधायचा क्रम खालून वर. आधी बॅटरी: पंप चालू असताना व्होल्टेज १२ च्या खाली जात असेल तर दाबच तयार होत नाही. इथं १३.१ होतं. मग समुद्रझडप पूर्ण उघडी आहे का. मग गाळण्या. २० मायक्रॉनची गाळणी पिठासारख्या पांढऱ्या गाळानं थापलेली निघाली. दोन दिवसांच्या वाऱ्यानं लगूनचा तळ ढवळला होता आणि आम्ही त्याच पाण्यात यंत्र चालवलं होतं. चूक यंत्राची नाहीच. गाळणी समुद्राच्या पाण्यात झटकून, उन्हात वाळवून परत लागते, तीन-चार वेळा. पाच मायक्रॉनची मात्र बदलायची. झाकण बसवताना रबरी कडीला सिलिकॉन ग्रीस, नाहीतर हवा ओढली जाते आणि पंप खडखडतो.

दुरुस्तीनंतरचं पहिलं पाच मिनिटांचं पाणी फेकायचं. मीटरवर क्षार ५०० च्या खाली आले की टाकीत. यंत्र बंद करताना सहा लिटर गोड्या पाण्यानं धुणं, आणि ते पाणी कार्बन गाळणीतून गेलेलं हवं. क्लोरीनचा अंश पडद्याला लागला की पडदा कायमचा गेला. म्हणून किनाऱ्यावरचं नळाचं पाणी टाकीत असेल तर दुप्पट काळजी.

वीज: ४०० वॉटच्या सोलर पाट्यांतून ढगाळ-उन्हाच्या दिवसाला १२० अँपिअर-तास. फ्रिज ५०, दिवे-फोन-उपकरणं १५, पाणी दोन तास २०. ऑगस्टमधे इथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि व्यापारी वाऱ्यात बोटीचं तोंड आग्नेयेला, म्हणजे मागच्या कमानीवरच्या पाट्यांवर डोलकाठीची सावली पडत नाही. सावलीचा हातभर पट्टासुद्धा अख्खी पाटी झोपवतो, तेव्हा हा फायदा मोठा.

दिवस ९

वेस्ट आयलंड. होम आयलंडपर्यंत डिंगी, पुढं फेरी, धक्क्यावरून बस. फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून घ्यावं. इथं विमानतळ आहे आणि गोल्फचं मैदान धावपट्टी ओलांडून जातं. दुकानात पालेभाजी मिळते ती विमानानं आलेली, त्यामुळे भाव बघून हात आखडतो. कांदे, बटाटे, कोबी तेवढे घेतले. बाकी कडक भाकरी, आमटी आणि मोडाची मटकी होतीच.

दिवस १०

पुढचा टप्पा मॉरिशसचं रॉड्रिग्ज बेट, दोन हजार मैल. दिवसाला १३० मैल धरले तर १५ दिवस, त्यावर निम्मे जास्त धरून २२. चौघांना माणशी साडेतीन लिटर म्हणजे ३०८. टाक्या ३८० आणि कॅन १२०. यंत्र बंदच पडलं असं धरून ही बेरीज करायची. ते चाललं तर आंघोळीला मिळेल. कॅन डेकवर बांधताना दहा टक्के रिकामे ठेवायचे. थोडा रिकामा असला की पाण्यात पडला तरी नीट तरंगतो.

तळ आज घासला. दहा दिवसांत पाणरेषेवर शेवाळाची मिशी आली होती. डोलकाठीच्या तारा, सुकाणूची जोडणी, शिडांची शिवण हाताचं बोट फिरवून पाहिली. पुढच्या शिडाच्या मागच्या कडेची वीतभर शिवण उसवलेली सापडली. मेणाचा दोरा, दुहेरी टाका. पोलिसांकडून निघण्याचा दाखला आजच घेतला. तो नसेल तर मॉरिशसचे अधिकारी पहिला प्रश्न त्याचाच करतात.

दिवस ११

सकाळी १० वाजता, ऊन वर आल्यावर नांगर काढला. आधी नायलॉन दोरी सोडायची, मग साखळी घेताना एकेक फेंडर वर येईल तसा काढत जायचं. हात साखळी आणि रोलरच्या मधे येणार नाही याची खबरदारी. साखळी उभी झाली की विंच थांबवून लाटेला काम करू द्यायचं. दोन लाटांत नांगर सुटला. त्याच्या पात्यावर पांढरी वाळू होती, बादलीभर पाणी मारून धुतली.

सगळ्या टाक्या भरून ३८०, कॅन १०८. वहीत तेवढं लिहून पान उलटलं. वारा आग्नेय, १८ नॉट. हॉर्सबर्ग बेट डावीकडे ठेवून लगूनबाहेर पडल्यावर पहिल्या मोठ्या लाटेला भाकरीचं पिंप घसरलं. त्याला आणखी एक दोरी बांधली.